‘सुरक्षित दिवस’ कितपत सुरक्षित?

‘डॉक्टर, आम्ही दिवस पाळत होतो, तरी असं कसं झालं?’ हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. विचारणारी बाई बहुधा शिकलेली असते. घरात दोन मुले असतात, तिसरे नको असते. याउलट मूल हवे असूनही होत नाही अशी जोडपी येतात आणि सांगतात, ‘आम्ही बरोबर चौदावा दिवस धरतो, तरी दिवस राहत नाहीत.’ दोन्ही तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. पण दोन्हींच्या मुळाशी बरेचदा एकच गैरसमज असतो. चौदा दिवस मोजायचे ही गोष्ट खरी. पण ते कोणत्या टोकाकडून मोजायचे, हे ठाऊक नसते. आजच्या लेखात हा हिशेब समजावून घेऊ.

आपल्याकडे या विषयावर घरात कोणी बोलत नाही. आई मुलीला शिवाशिवीचे नियम सांगते, पण पाळी का येते ते सांगत नाही; कारण तिलाही ते कोणी सांगितलेले नसते. म्हणून संकोच बाजूला ठेवून नवरा-बायको दोघांनीही हा लेख वाचावा, अशी माझी विनंती आहे.

पाळी कशी येते?

पाळीचा कारभार गर्भाशयातून चालत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीतून, म्हणजे पिट्यूटरीतून चालतो. ही ग्रंथी रक्तात काही रसायने सोडते. त्यांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. संप्रेरक म्हणजे एका अवयवाने दुसऱ्या अवयवाला रक्तातून धाडलेला निरोप, असे समजा.

पाळी सुरू होते तो महिन्याचा पहिला दिवस धरायचा. त्या सुमारास पियुषिकेचा पहिला निरोप गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बीजकोशांकडे जातो. तिथे स्त्रीबीजे असतात. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. पुढे नवी तयार होत नाहीत. त्यांतली जेमतेम चारशे ते पाचशेच आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात. निरोप मिळताच काही बीजे वाढू लागतात आणि त्यांतले बहुधा एकच पुढे जाते. वाढणाऱ्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार करतात. त्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर पुन्हा भरून येऊ लागते.

इस्ट्रोजेन एका ठरावीक पातळीवर पोचून तिथे टिकले, की पियुषिका दुसरा, जोरदार निरोप पाठवते. त्यानंतर साधारण दीड दिवसात बीज बाहेर पडून गर्भनलिकेत येते. बीज जिथून बाहेर पडले त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवते. इस्ट्रोजेनने अस्तर वाढवले असते. प्रोजेस्टेरॉन ते गर्भ रुजण्याजोगे मऊ आणि रसदार करते, आणि टिकवूनही धरते.

गर्भ राहिला, तर तो स्वतःच संप्रेरक पाठवून या पिवळ्या गाठीला जगवतो. लघवीच्या तपासणीत आपण तेच संप्रेरक शोधत असतो. गर्भ राहिला नाही, तर ही गाठ सुमारे चौदा दिवसांत सुकून जाते. प्रोजेस्टेरॉन आटते, अस्तराचा आधार सुटतो आणि ते रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी. त्यात ‘घाण रक्त’ किंवा विटाळ असे काही नसते.

चौदा दिवस कुठून मोजायचे?

आता मुख्य मुद्दा. पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पाळी सुरू झाल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंतचा पहिला भाग आणि बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा भाग. दुसरा भाग पिवळ्या गाठीच्या आयुष्यावर अवलंबून असल्यामुळे तो बराचसा ठरलेला असतो: बहुतेकींत १२ ते १६ दिवस, सरासरी १४. पहिला भाग मात्र कमीजास्त होतो. एसटी मधल्या थांब्यावर कितीही रखडली, तरी तिथून निघाल्यावर गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला नेहमीचाच वेळ लागतो, तसे हे आहे. पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा बीजच उशिरा बाहेर पडलेले असते.

म्हणजेच चौदा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजायचे नसतात, तर पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे असतात. जिची पाळी २८ दिवसांनी येते, तिच्या बाबतीत दोन्हीकडून मोजले तरी उत्तर चौदाच येते. सगळा घोटाळा या योगायोगाने केला आहे. जिची पाळी २४ दिवसांनी येते, तिचे बीज दहाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते. ३५ दिवसांनी येते, तिचे एकविसाव्या दिवसाच्या आसपास. आणि २१ ते ३५ दिवसांनी येणारी पाळी सर्वसाधारणच समजली जाते.

हा शोध जपानमधील डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये मांडला. ऑस्ट्रियातील डॉक्टर हर्मान क्नाउस यांनीही त्याच दशकात स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला. त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अनेक डॉक्टरांची समजूत होती, की पाळीच्या आसपासच गर्भ राहतो आणि मधले दिवस निर्धोक असतात! ओगिनो यांना मूल हवे असणाऱ्या स्त्रियांना मदत करायची होती. मूल टाळण्यासाठी या हिशेबावर विसंबणे त्यांना पसंत नव्हते. पण जगभर त्यांचे नाव नेमके त्याच कामासाठी घेतले गेले.

सहा दिवसांची खिडकी

बाहेर पडलेले स्त्रीबीज १२ ते २४ तासच फळू शकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र अनुकूल काळात स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्यापूर्वीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेचे. अमेरिकेतील डॉक्टर ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसून आले. त्यांनीच २००० मध्ये दाखवून दिले, की हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतात अशा स्त्रिया जेमतेम तीस टक्के आहेत. बाकीच्यांचे काही दिवस तरी त्याच्या अलीकडे नाही तर पलीकडे जातात.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंची पाळी २८ दिवसांनी अगदी नेमाने येत होती. एक तारखेला पाळी आली, की १० ते १८ तारखा त्या वर्ज्य मानत. एका महिन्यात सुरुवातीलाच त्यांना चांगला आठवडाभर ताप आला. तेवढ्याने बीज पक्व व्हायला उशीर झाला आणि ते २२ तारखेच्या सुमारास बाहेर पडले. १९-२० तारखा ‘सुरक्षित’ म्हणून त्यांनी काळजी घेतली नव्हती. दिवस राहिले. बाईंचा हिशेब बिनचूक होता. शरीराने त्या महिन्यात वेळापत्रक बदलले होते. आणि ते बदलले आहे हे पाळी लांबेपर्यंत कळायला काही मार्गच नव्हता. दिवस पाळण्याच्या पद्धतीतली खरी अडचण हीच आहे. पुढची पाळी कधी येणार हे आधी नक्की कळत नाही, आणि मोजायचे तर तिथूनच असते.

आजारपण, मनावरचा ताण, वजनातला मोठा चढउतार या सगळ्यांनी बीज पुढे-मागे होऊ शकते. वयात आल्यानंतरची पहिली काही वर्षे, बाळंतपणानंतरचे महिने आणि चाळिशीनंतरचा काळ यांत तर दिवस मोजण्यात अर्थच नसतो.

ज्यांना दिवसच पाळायचे आहेत, त्यांच्यासाठी एक शिस्तशीर पद्धत आहे. पाळी नेहमी २६ ते ३२ दिवसांच्या आत येत असेल, तर आठव्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे सलग बारा दिवस, संबंध टाळायचा किंवा निरोध वापरायचा. ही पद्धत काटेकोर पाळली तरी वर्षाला शंभरातल्या सुमारे पाच जणींना दिवस राहतात; आणि प्रत्यक्षात माणसे जशी पाळतात, तशी पाळल्यास सुमारे बारा जणींना. एवढी जोखीम परवडणार असेल तरच या वाटेला जावे.

मूल हवे असणाऱ्यांसाठी

आता दुसरी बाजू. एक जोडपे लग्नानंतर चार वर्षांनी माझ्याकडे आले. नवरा मुंबईला नोकरीला, बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ. कोणीतरी ‘चौदावा दिवस’ सांगितला होता, म्हणून तो दर महिन्याला रजा काढून त्याच दिवशी येई आणि दुसऱ्या दिवशी परत जाई. बाईंची पाळी ३६ ते ३८ दिवसांनी येत असे. म्हणजे बीज बाहेर पडायचे बाविसाव्या-चोविसाव्या दिवसाच्या सुमारास. इतका खटाटोप करून ती दोघे नेमकी वेळ चुकवत होती. दरम्यान उपास झाले, अंगारे-धुपारे झाले आणि घरात मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबूजही सुरू झाली. दोघांच्या तपासण्या केल्या. पुरुषाच्या वीर्यात दोष नव्हता. बाईंच्या थायरॉईडच्या तक्रारीवर औषध दिले आणि काही दिवस दोघांनी एकत्र राहावे, असे सांगितले. सात-आठ महिन्यांत दिवस राहिले. सगळ्यांचेच प्रश्न इतके सोपे नसतात. पण दोष कोणाचा हे ठरवण्याआधी दिवसांचा हिशेब तरी तपासायला हवा.

मूल हवे असेल तर एका दिवसाच्या मागे लागू नका. पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असेल, तर ती सहा दिवसांची खिडकी आपोआप गाठली जाते. शरीरही खुणा देते. बीज बाहेर पडण्याआधी दोन-तीन दिवस अंगावरून जाणारा स्राव कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा पातळ, निसरडा आणि तार धरणारा होतो. हे दिवस गर्भधारणेला सर्वांत अनुकूल. काही जणींच्या ओटीपोटात एका बाजूला थोडे दुखतेही.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनीच. पाळी सतत ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, तर त्याआधीही. आणि दाखवायला दोघांनी यावे. मूल न होण्याची कारणे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही असतात. वीर्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त असते. तरी ती सर्वांत शेवटी होते आणि तोवर बाईच्या पोटावर चार वेळा सोनोग्राफी झालेली असते. हा क्रम बदलायला हवा.

गोळ्या नेमके काय करतात?

माला-एन, माला-डी यांसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके अगदी अल्प प्रमाणात असतात. ती रोज मिळत राहिली, की पियुषिका ग्रंथीला वाटते, बीजकोशांचे काम चालू आहे, निरोप पाठवायची गरज नाही. निरोप गेला नाही, की बीज पक्व होत नाही आणि बाहेरही पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते. एक गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. दोन किंवा अधिक विसरल्या तर गोळ्या चालू ठेवून पुढचे सात दिवस निरोधही वापरावा. गोळ्यांनी कायमचे वांझपण येते ही समजूत चुकीची आहे. बंद केल्यावर बीज पुन्हा तयार होऊ लागते.

मात्र या गोळ्या सर्वांसाठी नाहीत. रक्तदाब जास्त असणाऱ्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या, पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या आणि सहा महिन्यांच्या आतले बाळ अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी त्या घेऊ नयेत. पहिले पाकीट डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नात मेडिकलच्या दुकानातून त्या सर्रास आणल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. मेक्सिको सिटीत १९५१ मध्ये कार्ल जेरासी, लुईस मिरामाँटेस आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांनी ते प्रथम तयार केले. ते अस्तराला आधार देऊन ठेवते, म्हणून पाळी थांबते. पण या कामासाठी घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही, आणि त्या महिन्यापुरता दिवसांचा हिशेबही पार बिघडतो, हे लक्षात ठेवावे.

कोणी काय वापरावे?

नव्याने लग्न झालेल्यांना निरोध किंवा गोळ्या सोयीच्या. निरोधाने गुप्तरोगांपासूनही संरक्षण मिळते. छाया ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. १९९१ मध्ये ती सहेली या नावाने बाजारात आली. तिच्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची. तिने सुरुवातीला पाळी थोडी लांबू शकते.

बाळंतपणानंतर एक समजूत फार घात करते: ‘मूल अंगावर पिते आहे, पाळी आलेली नाही, म्हणजे काही होणार नाही.’ हे तीन अटींवरच खरे आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, ते दिवस-रात्र फक्त आईच्याच दुधावर असावे आणि पाळी सुरू झालेली नसावी. यांपैकी एकही अट मोडली की संरक्षण संपले. बाळंतपणानंतर आधी बीज बाहेर पडते आणि मग पाळी येते. म्हणून पाळीची वाट पाहणारी बाई पाळी न येताच पुन्हा गरोदर राहू शकते. अशा मातांना तांबी, छाया किंवा निरोध चालतो. दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर चालते.

दोन मुलांत अंतर ठेवायचे असेल तर तांबी उत्तम. एक प्रकार पाच वर्षे, दुसरा दहा वर्षे चालतो. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. तांबी वर चढून काळजात जाते, ही निव्वळ अफवा आहे.

मुले पुरेशी झाली असतील तर नसबंदी. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी अधिक सोपी आणि कमी धोक्याची असते, तिने ताकद कमी होत नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्य तपासून घ्यावे लागते. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कुटुंबनियोजनासाठी स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषाच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून असलेल्यांचे अवघे ०.३ टक्के होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्याला शंभरावर वर्षे झाली. तरी कुटुंबनियोजनाची जबाबदारी एकट्या बाईचीच, असे घराघरांतून मानले जाते.

चूक झालीच तर

निरोध फाटला किंवा साधन न वापरता संबंध आला, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी. जितकी लवकर तितका उपयोग अधिक. ती मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. दर वेळी घेण्याची ही गोळी नव्हे.

पाळी आठवडाभर लांबली तर वाट पाहत बसू नका. लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे त्यासाठी निश्चय किट मिळते. दिवस नको असताना राहिले असतील, तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्रावाने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. १९७१ च्या कायद्याने आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात कायदेशीर आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. गर्भनिरोधक साधन फसले हे त्यासाठी मान्य कारण आहे, आणि सज्ञान स्त्रीला स्वतःच्या संमतीखेरीज इतर कोणाच्या सहीची गरज नाही.

शेवटी एक सोपी सवय सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला पाळी सुरू झालेल्या तारखेवर खूण करा. सहा महिन्यांच्या खुणा पाहिल्या, की आपली पाळी किती दिवसांनी येते आणि त्यात किती फरक पडतो हे कळेल. डॉक्टरांकडे जाताना त्या तारखा लिहून न्या. निम्मे निदान त्यातच होते. मूल हवे असो वा नको असो, त्या खुणा उपयोगी पडतील. पण मूल नको असेल, तर फक्त खुणांच्या भरवशावर राहू नका. एखादे खात्रीचे साधन वापरा.